सोन्याभोवतीचा चर

"पाण्याला शिस्त लावणं ही संस्कृतीची पहिली खूण आहे," असं नाना टिपणीस नेहमी सांगत. सांगताना त्यांचे दोन्ही पाय खुर्चीवर असत, कारण अंधेरीतल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात जुलै महिन्यात खाली पाणी असे.

या ऑफिसात पावसाच्या पाण्याचा निचरा आखून मिळे. कांदिवलीपासून मुलुंडपर्यंत कैक कारखान्यांची गटारं नानांनी वीस वर्षांत आखली होती. त्यामुळे १९८४ साली पार सोलापूरपलीकडच्या एका सोन्याच्या उघड्या खाणीचं काम आलं, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. डोंगरावरून येणारं पाणी खाणीत शिरू नये म्हणून तिच्याभोवती चर खणायचा होता.

"गटारच ते," नाना म्हणाले. "फक्त शेजारी सोनं."

काम विद्याधर पाटकरकडे आलं. दोन वर्षं तो तात्पुरता इंजिनीयर होता. मुलीकडचे लोक पोहे खाऊन, "कायम झालात की कळवा," असं सांगून गेले होते. "खाणवाल्यांची सही झाली की तू कायम," असा शब्द नानांनी दिला.

विद्याधरने दिवसाला दहा इंच पाऊस धरला. चर निघाला बारा फूट खोल. नकाशा पाहून खाणीचे मॅनेजर श्यामसुंदर बिराजदार यांचं पत्र आलं : 'एवढा चर कशासाठी? मंगळवारी येतो आणि समोर बसून निम्मा करून घेतो.'

सोमवारी सुलक्षणा, जी ऑफिसातले सगळे नकाशे शाईने गिरवायची, पेन थांबवून म्हणाली, "विद्या, पावसाचा आकडा कुठून घेतलास रे?"

"नानांच्या टेबलाच्या काचेखाली कागद आहे ना, त्यातून. सगळे तोच घेतात."

"त्यावर सांताक्रूझ लिहिलंय."

"मग?"

"मग खाण काय सांताक्रूझला आहे?"

विद्याधरने जाऊन पाहिलं. गेली वीस वर्षं नेमका त्याच शब्दावर नानांचा चहाचा कप असे. त्याने कप उचलला, काच पुसली आणि वेधशाळेला फोन लावला. खाणीच्या भागात पाऊस वर्षाला वीस इंच. म्हणजे अख्ख्या वर्षाचा पाऊस दोन दिवसांत वाहून नेईल असा चर त्याने आखला होता.

"वाट लागली," तो म्हणाला.

नानांना मात्र तसं वाटलं नाही. "जास्त पाण्याची सोय केली म्हणून आजवर कुणी बुडालंय का रे? गप्प बस. सही होऊ दे."

विद्याधर फार प्रामाणिक होता असं नव्हे. पण तो कागद बिराजदारांसमोरच काचेखाली पडलेला असणार होता, आणि भित्र्या माणसाच्या हातून पुष्कळदा प्रामाणिकपणाच घडतो. त्याने सांगून टाकायचं ठरवलं. मुलीकडच्यांना काय कळवायचं, ते मग बघू.

मंगळवारी पावसाने अंधेरी बुडवली. अकराला येणारे बिराजदार तीनला आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि एकच बूट, तोही हातात.

"बाबौ! टॅक्सी तरंगली ओ! दुसरा बूट डोळ्यांदेखत गटारात गेला."

"आज तसं कमीच आहे," नाना विनयाने म्हणाले. "पाय वर घ्या."

बिराजदारांनी खुर्चीवर मांडी घातली. विद्याधर उभा राहिला.

"साहेब, त्या चरात माझी चूक झालीय."

"झालीयच की! बारा फुटांनी काय होतंय? चौदा करा."

"तसं नाही साहेब. मी धरलेला पाऊस सांताक्रूझचा आहे."

"म्हणजे हाच ना?"

"हाच. पण तुमच्याकडे असा पडत नाही..."

"आजवर पडला नाही ओ! उद्या आला तर मी कुठं बसू? तिथं खुर्च्यासुद्धा नाहीत."

नानांनी पेन पुढे केलं. बिराजदारांच्या ओल्या हाताने शाई फुटली, पण सही झाली. सुलक्षणाने बाराचे चौदा केले.

त्याच आठवड्यात विद्याधर कायम झाला आणि मुलीकडे कळवलं गेलं. पुढच्या मे अखेर चर पुरा झाला. खाणीवरचे सगळे मजूर चरावर लावले होते, त्यामुळे खाणीकडे कुणाला फारसं जाता आलं नाही.

त्या पावसाळ्यात तिथे नऊ इंच पाऊस पडला. खाण दहा फूट खोल होती, चर चौदा.