माझ्यावर होतं, कागदावर नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे, झेरॉक्सच्या दुकानातला. माझी एक कड पिवळी पडली आहे आणि मी मधूनच लुकलुकतो. मग दुकानवाल्या ताई माझ्या पाठीत थाप मारतात, "झालं याचं सुरू!"

नवा होतो तेव्हा लोक माझा उजेड बघत उभे राहायचे. आता जो तो आपलं काम बघतो. पीडीएफ उघडायची, मोकळ्या जागी चौकट ठेवून मजकूर टाइप करायचा, प्रिंट घ्यायची. अक्षरं माझ्या अंगावर उमटतात, म्हणून मला त्यांचा घोर.

एका दुपारी एक मुलगी आईला घेऊन धावतपळत आली. आईचं ऑपरेशन होतं. दवाखान्याने पाठवलेल्या पीडीएफमध्ये नाव, वय छापलेलं होतं. फक्त ॲलर्जीचा रकाना भरून आईची सही घ्यायची होती.

"पेनिसिलिन लिहा. मागे ते इंजेक्शन दिलं तेव्हा आई जाता जाता वाचली."

"गावभर सांग आता," आई म्हणाली.

ताईंनी टाइप केलं. पण सकाळी एका मास्तरांना पीडीएफवर लिहिलेले शेरे वगळून प्रती हव्या होत्या, तेव्हा बदललेली प्रिंटची निवड तशीच राहिली होती. वरून टाइप केलेला मजकूरही मशीनच्या लेखी शेराच. कागद बाहेर आला. रकाना कोरा!

मला दिसत होतं, पण बोलणार कसं? मी लुकलुकत राहिलो. पाठीत थाप बसली. मुलीने कागदाची घडी घातली.

"थांब. वाचून दाखव, मग सही करते," आई म्हणाली.

"अगं, गाडी खोळंबलीय."

"खोळंबू दे. ऑपरेशन गाडीचं नाही, माझं आहे."

मुलगी भराभर वाचू लागली आणि अडखळली. "अहो, इथे काहीच नाही!"

"असं कसं? हे काय इथे!" ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी निवड बदलली, दुसरी प्रिंट निघाली. आईने पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं, मगच सही केली.

मित्रांनो, माझी काच जरूर पुसा, पण नुसत्या माझ्यावर विसंबू नका. कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

त्या दोघी पुन्हा आल्या नाहीत. ऑपरेशनचं काय झालं, मला कोण सांगणार? दार वाजलं की मी अजून तिकडे बघतो.