फळाच्या रकान्यात ठमाबाई

शेळगावच्या फळबागायतदार सोसायटीतून कारकून हिंदुरावांचा आणखी एक तक्रारीचा फोन आला, की निकिताची नोकरी गेली. बारामतीत वेबसाइटी बनवणाऱ्या तिच्या साहेबानं, राजवर्धननं, तसं तिच्या तोंडावरच सांगितलं होतं. "मग सोमवारी लोणी भापकरला घरीच बस," म्हणाला. मोठा आला सांगणारा!

काम तसं फुटकळ. सोसायटीच्या वेबसाइटवर पावतीचा फॉर्म होता, तो फक्त कारकुनाला दिसायचा. त्यात 'नाव', 'फळ', 'वजन' हे शब्द एकाखाली एक आणि त्यांच्या चौकटी एकेक ओळ खाली घसरलेल्या, म्हणजे नावाची चौकट 'फळ'शेजारी, असा तीन वर्षं तो फॉर्म लोंबकळत होता. निकितानं गुरुवारी चौकटी उचलून शब्दांशेजारी बसवल्या. दहादा तपासलं. सगळं कसं सरळ रेषेत! आणि शुक्रवारी सकाळीच हिंदुरावांचा फोन, नशीब तिलाच आला.

"फळाच्या रकान्यात ठमाबाई आलीया!"

"तात्या, साहेबांना सांगू नका. मी येते," म्हणत तिनं एसटी पकडली.

सोसायटीत डाळिंबं घेऊन आलेली ठमाबाई स्वतः पावती नाचवत उभी होती. नाव कोरं, फळ ठमाबाई, वजन डाळिंब. "मला क्रेटात भरून मार्केटला धाडतोस व्हय रं, हिंदुराव?"

"मशीन येडं झालंय, आक्का. माझी काय चूक?"

निकितानं मशीनकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पडद्याच्या काचेवर डॉक्टरी चिकटपट्टीचे तुकडे, त्यांवर पेनानं 'नाव', 'फळ', 'वजन'. 'नाव'च्या पट्टीखाली फॉर्मवरचं मूळ 'फळ' झाकलेलं, 'फळ'च्या पट्टीखाली मूळ 'वजन'.

"हे कुणी लावलं?"

"मीच. चौकटीम्होरं भलतंच नाव यायचं, म्हणून बरोबर नावं चिकटवली. तीन वर्षांत एकदा चुकलो न्हाय!"

"अहो तात्या, चौकटी मी वर सरकवल्या, तुमच्या पट्ट्या तिथंच राहिल्या! काढा त्या."

ठमाबाई फिसकन हसली. हिंदुरावांचा चेहरा लालबुंद. "थांब, तुझ्या सायबालाच इचारतो," म्हणत त्यांनी मोबाइल उचलला. संपलं सगळं, निकिताला वाटलं.

"फोन मागनं कर," ठमाबाई नखानं पट्टी खरवडत म्हणाली. "आदी माझं नाव माझ्या जागी घाल."

हिंदुरावांनी पट्ट्या सोलल्या, धुसफुसत बोटं चालवली. पावती आली. नाव ठमाबाई, फळ डाळिंब. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि तरी फोन लावलाच.

"हॅलो, राजवर्धनराव? व्हय, चूक घावली. मशीनचीच हुती." त्यांनी निकिताकडं डोळे वटारले. "पण पोरगी लई हुशार हाय. आली आन् एका झटक्यात काढली. सोडू नका हिला."

मशीनची चूक गुरुवारीच काढली होती, आजची तात्यांच्या पट्ट्यांची, हे निकिताच्या अगदी जिभेवर आलं. तिनं ते गिळलं. ठमाबाई मात्र खरं बोलायला तोंड उघडणार, तोच निकितानं तिचा हात गच्च दाबला.