शेळीने चाटलेला फेब्रुवारी

अबू शकीब एकदा येऊन बसला की किटली रिकामी झाल्याशिवाय उठत नाही, हे ऐन तूता गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याचा शेजार मात्र एकट्या उम्म वजीहच्या वाट्याला आला होता.

डोंगरात हिवाळ्याच्या दुपारी शेजारी आला की मत्ते करावी लागते. एकच प्याला, त्यात वाळलेली पानं, एकच धातूची नळी. घरवाली गरम पाणी ओतून देते, पाहुणा ओढून प्याला परत करतो, ती नळीचं टोक लिंबाच्या सालीने पुसते आणि पुन्हा ओतते. पुरे झालं की पाहुण्याने प्याला परत देताना 'शुक्रन', म्हणजे आभार, म्हणायचं. तो शब्द निघेपर्यंत ओतत राहणं भाग असतं. अबू शकीबच्या तोंडून जगातले सगळे शब्द निघत. तेवढा एक निघत नसे.

"तुमच्या गोठ्याचं माळवद," तो त्या दिवशी नळी तोंडातून काढत म्हणाला, "या फेब्रुवारीत टिकायचं नाही."

"डिसेंबरात हेच म्हणालात."

"डिसेंबरात म्हणालो की फेब्रुवारीत टिकायचं नाही. तेच आताही म्हणतोय. मी शब्द बदलणारा माणूस नाही."

उम्म वजीहने शेगडीत लाकूड सारलं, जरा जोरातच. उम्म वजीह म्हणजे वजीहची आई; तिचं खरं नाव नज्ला. पण त्या नावाने हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. थोरला वजीह व्हेनेझुएलात दुकान चालवत होता, धाकटी इख्लास बैरूतला सासरी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. राहिली होती ती, दगडी घर, आणि नुवारा नावाची लांब कानांची, तांबडी, शहाण्यासारखी बघणारी शेळी.

नुवारा गाभण होती, आणि सगळा घोर तिथेच होता. आदल्या हिवाळ्यात चारा घालायला जाताना उम्म वजीह बर्फावरून घसरून पडली, तेव्हापासून इख्लास मागे लागली होती, आई, खाली समुद्रकाठी ये, आमच्याजवळ राहा. खूप ताणाताणी होऊन शेवटी मायलेकींचं ठरलं ते असं: हा हिवाळा नुवाराला नीट काढता आला, ती नीट व्याली, तर आई वरच राहील. शेळीचं काही बरंवाईट झालं, तर घराला कुलूप आणि आई बैरूतला, चौथ्या मजल्यावर. उम्म वजीहने त्या चौथ्या मजल्यावर एक आठवडा काढला होता. खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसत. रोज तेच कपडे.

"एखादा छंद असला ना," अबू शकीब म्हणाला, "तर माणूस समाधानी राहतो."

"आहे की. तुमचं ऐकणं."

तो मनापासून हसला आणि प्याला पुढे केला.

छंद त्याच्याकडे गाडाभर होते. गावाहून बैरूतला जाणारी बस त्याने जन्मभर चालवली. तेव्हा बोलायला बसभर माणसं असत. बस विकली, बायको गेली, आणि छंद सुरू झाले. आधी कबुतरं, ती वरच्या आळीच्या कबुतरवाल्याने फूस लावून नेली. मग मधमाश्या, त्या त्यालाच चावल्या. मग ऑलिव्हच्या लाकडाचे चमचे. उम्म वजीहच्या फडताळात तसले नऊ चमचे होते आणि त्यातल्या एकानेही सूप पिता येत नव्हतं. हल्ली कोंबड्या आणि हवामान. कोंबड्यांबद्दल तिची तक्रार नव्हती. कोंबड्या निदान अंडी देतात. हवामानाने तिला पिडलं होतं.

ते सुरू झालं सप्टेंबरात, क्रॉसच्या सणाच्या रात्री. खालच्या चर्चसमोर जाळ पेटतो त्या रात्री, आणि जुनी माणसं गच्चीवर मिठाच्या बारा ढिगल्या ठेवतात, बारा महिन्यांच्या बारा. सकाळी ज्या ढिगलीतलं मीठ विरघळलेलं तो महिना पावसाचा, जी कोरडी तो कोरडा. उम्म वजीहच्या सासऱ्याने हे केलेलं तिने पाहिलं होतं, तो अंजिराच्या पानांवर ठेवायचा. अबू शकीबने बायकोचे कॉफीचे बारा कप काढले, सोनेरी काठाचे, आणि कठड्यावर ओळीने मांडले.

आता गाव डोंगरउतारावरचं. उम्म वजीहचं अंगण आणि अबू शकीबची गच्ची एका पातळीत, मध्ये गुडघाभर भिंत. पहाटे उम्म वजीह चूल पेटवायला उठली तेव्हा नुवारा भिंत ओलांडून पलीकडे उभी होती, आणि एका कपात तिचं सगळं तोंड होतं. उम्म वजीहने चप्पल फेकली. शेळी मुकाट परत आली, ओठ चाटत. कप मात्र जागच्या जागी उभा राहिला.

तो कप फेब्रुवारीचा होता.

हे तिने त्याच सकाळी अबू शकीबला सांगितलं. लपवलं नाही, आडपडदा ठेवला नाही. तो कप उजेडाकडे धरून उभा होता. अकरा कपांत थोडंथोडं मीठ शिल्लक. या एकात कणसुद्धा नाही, आणि आतून ओला.

"सगळंच्या सगळं वाहून गेलं," तो पुटपुटला. "असा फेब्रुवारी माझ्या बापाने पाहिला नसेल."

"अबू शकीब, नुवाराने चाटलंय ते."

"शेळी एकच कप चाटून अकरा सोडेल होय?"

"मी चप्पल मारली म्हणून सोडले."

"आणि ओला कसा?"

"थुंकीने."

त्याने तिच्याकडे फार दयेने पाहिलं. विद्येवर विश्वास नसलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

तेव्हापासून रोज फेब्रुवारी. लाकडं भरून ठेवा, फेब्रुवारी आहे. डाळ-कणीक बघून ठेवा, फेब्रुवारी आहे. आणि सगळ्यात जास्त म्हणजे गोठ्याचं माळवद. ते मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला जास्त टोचायचं. गावात सगळ्यांनी सिमेंटचे स्लॅब घातले. मातीचं माळवद उरलं ते एकट्या तिच्या गोठ्यावर. लहानपणी हिवाळ्यात पाऊस थांबला की घराघरावरून दगडी रूळ फिरायचे, माती दाबून बसवायला. त्यांची घरघर अंथरुणात ऐकू यायची आणि कळायचं, बाप वर आहे, छत गळणार नाही. लग्नानंतर ती घरघर नवऱ्याची झाली. आता रूळ माळवदाच्या कोपऱ्यात पडून होता. एकदा तिने तो ओढून पाहिला होता. हलला नाही.

"शेळी माझ्या गॅरेजात आणा," अबू शकीब म्हणे. "बस होती ती जागा. वर स्लॅब, दाराला कडी. तुमची शेळी बसएवढी नाही ना?"

"माझी शेळी माझ्या अंगणात व्यायची. तिच्या आईसारखी."

"अंगण कुठे जातंय? माळवद येतंय खाली."

"मत्ते संपली," उम्म वजीह म्हणाली. संपली नव्हती.

आणि मग फेब्रुवारी आला, आणि असा आला की बघत राहावं. ऊन. लख्ख, कोवळं ऊन. बदामाला पांढरा बहर फुटला. बायका गाद्या उन्हात टाकू लागल्या. नुवारा भिंतीला टेकून पोट शेकत बसायची. अबू शकीब रोज आकाशाकडे पाहायचा, मग खाली चपलांकडे, आणि पहिल्यांदाच दोन प्याल्यांमध्ये थोडा गप्प राहायचा.

इतके महिने पिडलेली बाई ही संधी सोडते थोडीच. महिना संपत आला तशी एका दुपारी तिने शाल काढून दोरीवर टाकली, कमरेवर हात ठेवले आणि डोंगराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "गेला हो तुमचा फेब्रुवारी. आला तसा गेला. माझ्या शेळीच्या शेपटीचा केससुद्धा ओला केला नाही त्याने."

अबू शकीबने प्याला खाली ठेवला.

"शब्द परत घ्या," तो हळूच म्हणाला.

"का घेऊ?"

"तुमचं वय काय, दारात गाभण शेळी, आणि तुम्ही फेब्रुवारीला वेडावता? लहान मुलालाही माहीत आहे ती गोष्ट."

माहीत होती. तिनेच पोरांना सांगितली होती. म्हातारी हसली, फेब्रुवारी गेला, माझ्या बकऱ्या शाबूत. तेव्हा फेब्रुवारी मार्चला म्हणाला, चुलतभावा, माझे तीनच दिवस उरलेत, तुझे चार उसने दे, या म्हातारीला वाहून नेऊ. त्या उसन्या सात दिवसांत गावातली कुठलीही बाई गादी उन्हात घालत नाही, लांबचा प्रवास करत नाही. उम्म वजीहनेही जन्मात कधी फेब्रुवारीला नावं ठेवली नव्हती. रागाच्या भरात बोलून गेली आणि बोलल्यावर मानेवरून थंड वारं गेल्यासारखं वाटलं. पण ते कबूल कोण करणार?

दुसऱ्या दिवशी ती भाकरीचं पीठ मळत असताना अबू शकीब दारात उभा. आत आला नाही, बसला नाही. वारा फिरलाय म्हणाला. कोंबड्या दुपारीच खुराड्यात शिरल्यात म्हणाला. गुडघा दुखतोय, उसने दिवस लागलेत, फेब्रुवारीच्या शब्दाला गाठ नाही, तो कधीही फिरतो, आणि कप, तो कप रिकामा होता, उम्म वजीह, आतून ओला.

तिने पिठाचे हात वर केले.

"घेऊन जा," ती म्हणाली. "न्या एकदाची ती शेळी. पण एका अटीवर. उसने दिवस संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. हवामान नाही, कप नाही, गुडघा नाही. एक अक्षर नाही."

अबू शकीबने तोंड उघडलं, मिटलं, आणि छातीवर हात ठेवून मान डोलावली. मग नुवाराची दोरी सोडली. शेळी लाज नसल्यासारखी त्याच्यामागे पायऱ्या उतरून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

संध्याकाळी पावसाने सुरुवात झाली, मग गारा, मग बर्फ. दुसरा सगळा दिवस बर्फच. फोन मुका झाला. उम्म वजीह खिडकीशी बसून राहिली. शेगडीवर वासासाठी ठेवलेली संत्र्याची सालं करपली तरी तिला कळलं नाही. दुपारी गोठ्याकडून आवाज आला. मोठा नव्हता. कुणी जाड सतरंजी जमिनीवर टाकावी तेवढाच. मग नुसती शांतता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फ थांबला आणि तिने दार उघडलं. गोठ्याच्या चार भिंती उभ्या होत्या आणि मध्ये पांढरा ढीग. त्यातून एक तुळई वर आलेली. रूळ खाली पडला होता, बरोबर नुवाराच्या दावणीत.

ती किती वेळ तिथे उभी राहिली कोण जाणे. मग तिने फावडं काठीसारखं धरलं आणि एकेक पायरी चाचपत खाली उतरली.

गॅरेजचं दार किलकिलं होतं. आत कंदील, गवत, आणि उलट्या बादलीवर अबू शकीब. अंगात नुसता स्वेटर. त्याचा बसवाल्याचा जाड कोट गवतावर पसरलेला, आणि कोटावर दोन करडं, एक तांबडं, एक काळंपांढरं, लांब कान जमिनीला लागलेले. नुवारा त्यांना चाटत होती, सप्टेंबरात कप चाटला तशी, मन लावून.

उम्म वजीहने फावडं भिंतीला टेकवलं. ती शेजारच्या पोत्यावर बसली.

"कधी?" तिने विचारलं.

अबू शकीबने बोटाने वर दाखवलं, मग हात फिरवला. काल, दुपार.

"त्रास झाला का तिला?"

त्याने हाताने सांगितलं, एक सरळ, दुसरं जरा अडलं. मग आपल्या बाह्या वर करून दाखवल्या, कोपरापर्यंत ओरखडे. बोलला मात्र नाही.

"माळवद पडलं," ती म्हणाली. "रूळ दावणीत आहे."

त्याने डोळे मिटले आणि उघडले. सांगितलं होतं ना, असं म्हणायला याहून चांगली वेळ त्याच्या आयुष्यात कधी येणार नव्हती. त्याने करडाच्या पाठीवरून हात फिरवला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

तिला ते सहन होईना. हा माणूस बोलताना डोकं उठवतो, आणि न बोलताना त्याहून जास्त.

इतक्यात वरच्या खोलीत फोन वाजला. त्याची तार शाबूत होती. त्याने तिलाच जा म्हणून खूण केली. पलीकडे इख्लास होती, घाबरलेली, आईचा फोन लागत नाही म्हणून इथे लावलेला.

"आई, शेळी?"

"दोन," उम्म वजीह म्हणाली. "दोन्ही उभी राहिली."

मग इख्लास म्हणाली, "गोठा?"

"गोठ्याचं उन्हाळ्यात बघू. सिमेंट घालू." आणि तिने फोन ठेवला. मुलीने अजून काही विचारण्याआधी ठेवलेला बरा.

खाली आली तेव्हा अबू शकीबने स्टोव्हवर पाणी ठेवलं होतं. प्याल्यात पानं भरून, नळी लिंबाने पुसून त्याने पहिली मत्ते तिच्यापुढे धरली. ती त्याच्याकडे फारशी कधी येत नसे, आणि आली तरी दुसऱ्या प्याल्याला शुक्रन म्हणून उठे. गप्प बसून तो तिच्याकडे पाहत होता, उसने दिवस मोजत.

"पुरे झालं," ती म्हणाली. "माझी अट मी परत घेते. बोला."

"नक्की?"

"बोला म्हटलं ना."

त्याने जो श्वास सोडला, तो सगळ्या गॅरेजात ऐकू आला.

"त्या कपात," त्याने सुरुवात केली, "कणसुद्धा नव्हता, उम्म वजीह."

"तो हिने चाटला होता."

"चाटला असेल." इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याने मान्य केलं. "पण बारांतून तोच का चाटला? तिला ठाऊक होतं, फेब्रुवारीत तिचं काम आहे. शेळीला कळतं. माझ्या बसमध्ये एकदा एक म्हातारा बकरी घेऊन चढला होता, पासष्ट साली असेल..."

"बासष्ट साली म्हणाला होतात मागे."

"ती दुसरी बकरी."

तो सांगत राहिला. तांबड्या करडाने कोटाचं बटण तोंडात घेतलं. बाहेर पागोळ्या गळू लागल्या होत्या. उम्म वजीहने प्याला तळापर्यंत ओढला, नळी खुळखुळली, आणि तिने तो अबू शकीबच्या हातात परत दिला. काही म्हणाली नाही. त्याने बोलता बोलताच पुन्हा पाणी ओतलं.