आधी एक चांगली गोष्ट

दुकानावर पाटी एकच होती, ‘फ्रेम व काच’, आणि त्यातल्या ‘व’च्या बरोबर खाली प्लायवूडची भिंत येऊन उभी राहिली होती. डावीकडे धाकटा भाऊ फ्रेमा करायचा, उजवीकडे थोरला काच कापायचा. फोटो लावून घ्यायला आलेलं माणूस डाव्या दारातून आत जायचं, रिकामी फ्रेम घेऊन बाहेर यायचं, तीन पावलं चालायचं आणि उजव्या दारात शिरायचं. थोरला फ्रेमकडे बघून विचारायचा, “ही कुठून आणलीत?” जशी काही रस्त्यावर पन्नास दुकानं होती. गिऱ्हाईकही सरावलं होतं. “शेजारून,” म्हणायचं, आणि काच निवडायला लागायचं.

तीन वर्षं झाली होती. वर घर एकच, जिना एक, नळ एक. दोघी जावांनी भांडणात भाग घेतला नव्हता. त्यांना कामं होती.

भांडण एका सुताचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, नखावरच्या पांढऱ्या ठिपक्याएवढा. त्या दिवशी काच फ्रेममध्ये बसेना, एका कोपऱ्याला सूतभर फट राहिली. थोरल्याने भर गिऱ्हाइकासमोर काटकोन तपासायचा गुण्या काढला, धाकट्याच्या फ्रेमला लावला आणि म्हणाला, “फ्रेमच वाकडी आहे.” धाकटा म्हणाला, “नजर वाकडी आहे.” गिऱ्हाईक म्हणालं, “मी उद्या येतो.” ते काही पुन्हा आलं नाही. आली ती भिंत.

भिंतीच्या आड येत होतं एक टेबल. वडिलांच्या हातचं, जाड फळीचं, एका टोकाला फ्रेमचे खिळे आणि दुसऱ्या टोकाला काच कापायचा हिरा. वाटणी म्हणजे वाटणी. दोघांनी दोन मुठींची करवत आणली, एक मूठ याने धरली, एक त्याने, आणि तू ओढ मी ओढ करत, चकार शब्द न बोलता, तासाभरात टेबलाचे दोन तुकडे केले. इतक्या एकजुटीने त्यांनी आधी कधी काम केलं नव्हतं. आता प्रत्येक तुकड्याला दोन पाय होते आणि कापल्या टोकाखाली विटांची चळत.

टेबलाखाली कोणी बसत होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

बसत होती ती धाकट्याची मुलगी. तेव्हा सहा वर्षांची होती, आता चौथीत आली होती. घरात तिचं नाव वेगळं असेल, पण वर्गाच्या ब्लॉगवर ती ‘भिंगरी’ होती. बाईंचा नियमच तसा: पडद्यावर मुलांची खरी नावं टाकायची नाहीत, ज्याने त्याने टोपणनाव घ्यायचं. घरच्यांनीही ‘अमकीचे बाबा’, ‘तमक्याची आई’ म्हणूनच लिहायचं. मुलांचे लेख घरी वाचले जावेत, घरच्यांचे शब्द वर्गात यावेत, एवढ्यासाठी बाईंनी मोठ्या हौसेने हा ब्लॉग काढला होता. पहिल्या तीन महिन्यांत घरच्यांकडून आलेले शब्द असे: ‘छान’, ‘छान छान’, ‘खूपच छान’, एक गुलाबाचं चित्र, आणि सहलीचे पैसे कधी भरायचे याची चौकशी.

मग बाईंनी अभिप्रायाचा नियम केला. आधी लेखातली एक चांगली गोष्ट सांगायची, ती खरी हवी. मग एक प्रश्न विचारायचा. हुकूम सोडायचा नाही. प्रत्येक अभिप्राय बाई वाचणार, आणि त्यांनी हो म्हटलं तरच तो पानावर दिसणार. नियम झाल्यावर ‘छान’सुद्धा यायचं बंद झालं.

त्याच आठवड्यात विषय दिला होता, ‘माझी आवडती जागा’, दहा ओळी. भिंगरीने लिहिलं:

“माझी आवडती जागा टेबलाखाली होती. वर बाबा खिळे ठोकायचे आणि काका काच कापायचे. ठक ठक कर्र. ठक ठक कर्र. मी खाली बसून पाढे म्हणायचे, ते त्यात बरोबर बसायचे. आता टेबलं दोन आहेत. अर्ध्या टेबलाखाली बसलं की अर्धाच आवाज येतो आणि पाढे चुकतात. म्हणून मला आता आवडती जागा नाही. ती परत मिळाली तर मी उरलेल्या ओळी लिहीन.”

लेख टाकल्यापासून दुसऱ्या दिवशीपर्यंत ती तीनदा आईच्या फोनवर पान उघडून बघून आली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंकडे अभिप्राय आला, ‘भिंगरीचे काका’ यांचा:

“टेबल कोणी कापलं, तेही लिहावं.”

बाईंनी तो परत पाठवला. “हा हुकूम आहे. आधी एक चांगली गोष्ट, मग प्रश्न. पुन्हा लिहा.”

पन्नाशी उलटलेल्या माणसाला पुन्हा लिहा! थोरल्याने फोन काकूंसमोर धरला. “बघ, बघ ही बाई मला काय म्हणते.”

“बरोबर म्हणते,” काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “शाळेत असताना ऐकलं नाहीत. आता ऐका.”

थोरल्याने एका बोटाने पुन्हा लिहिलं. “अक्षर सुंदर आहे. टेबल कोणी कापलं?”

बाईंचं उत्तर आलं. “लेख टाईप केलेला आहे. चांगली गोष्ट खरी हवी.”

तिसऱ्या खेपेला त्याने लेख पहिल्यांदा वाचला. सावकाश, बोट फिरवत. मग बराच वेळ समोरच्या विटांकडे बघत बसला. “‘ठक ठक कर्र’ हे हुबेहूब आहे. करवत कोणाच्या हातात होती?”

हे मंजूर झालं.

भिंतीच्या पलीकडे धाकट्याने ते वाचलं आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “मला विचारतोय! मला! जगासमोर!”

“तुम्हाला कुठं? लेखाला विचारतायत भाऊजी,” भिंगरीची आई म्हणाली. “आणि जग म्हणजे चौथीचा वर्ग.”

त्याने तिथल्या तिथे लिहिलं, आणि नियम आधीच माहीत असल्याने पहिल्याच फटक्यात पास झाला. “‘अर्ध्या टेबलाखाली अर्धाच आवाज’ हे वाक्य मनाला लागलं. करवतीची दुसरी मूठ कोणी धरली होती?”

पास झाल्याचा त्याला झालेला आनंद त्याने लपवला, पण नीट नाही.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. चांगली गोष्ट गुळासारखी पुढे करायची आणि मागून प्रश्नाची सुई टोचायची. ‘पाढ्यांचा उल्लेख समर्पक आहे. भिंत घालायची घाई कोणाला होती?’ ‘लेखिकेचा प्रामाणिकपणा घराण्याला शोभतो. तो घराण्यात सगळ्यांना मिळाला का?’ हा बाईंनी दोनदा परत पाठवला. गिऱ्हाइकांत वर्गातल्या मुलांचे पालकही होते, तेही वाचू लागले. एकजण रिकामी फ्रेम घेऊन डाव्या दारातून उजव्या दारात आला आणि म्हणाला, “काल तुम्हाला त्यांनी गप्प केलं बरं का.” थोरल्याने त्याची काच कापायला दीड तास लावला.

हेडसर खूश होते. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सगळ्यांसमोर पान उघडलं. “याला म्हणतात पालकांचा सहभाग! दोन-दोन पुरुषमाणसं एका लेखावर लिहितायत, रोज! बाकीच्या पालकांना यांचा आदर्श घ्यायला सांगा.”

“नको सर,” बाई वह्या आवरत म्हणाल्या. “सगळ्यांच्या घरी करवत नसते.”

आता दहा ओळींचा लेख तो केवढा. भिंगरीने तर दहाही लिहिल्या नव्हत्या. पंधरवड्यात त्यातल्या चांगल्या गोष्टी संपल्या. थोरल्याने ‘पूर्णविराम योग्य जागी आहेत’ इथपर्यंत मजल मारली, आणि मग कळवलं की स्तुती उरलेली नाही, पण प्रश्न पुष्कळ आहेत, काय करावं.

बाईंनी विचार केला, आणि लिहिलं: “लेखातलं संपलं असेल, तर ज्यांनी आधीचा अभिप्राय लिहिला त्यांच्यातली एक चांगली गोष्ट सांगा. नियम तोच. खरी हवी.”

चार दिवस पान शांत होतं.

भिंगरी शाळेतून आली की आधी उजव्या दारात डोकवायची, मग डाव्या. दोन्हीकडे एकेक माणूस हातातलं काम टाकून फोनकडे बघत बसलेला. सुट्टी तोंडावर आली होती. सुट्टी लागली की चौथी संपली, चौथी संपली की ब्लॉग संपला, आणि पाचवीची शाळा दुसरीच.

“काका, लिहा ना.”

“लिहितो गं. आठवतोय.”

“बाबांबद्दल चांगली एक गोष्ट आठवायला चार दिवस?”

“एक नाही,” थोरला चिडून म्हणाला. “कुठली ते ठरत नाहीये.”

पाचव्या दिवशी आलं. “धाकट्याने जोडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. असा हात आमच्या वडिलांचाही नव्हता. प्रश्न नाही.”

प्रश्न नाही म्हणून ते नियमात बसत नव्हतं. बाईंनी ते जाऊ दिलं. बाईंनी मोडलेला तो त्या वर्षातला एकच नियम.

धाकट्याने वाचलं. भिंगरीला म्हणाला, अक्षरं मोठी कर. तिने केली. अजून मोठी कर. एका वेळी पडद्यावर दोनच शब्द मावू लागले, तेव्हा त्याने ते शब्द एकेक करत सरकवून पुन्हा वाचले. मग उठला, आणि एका तयार फ्रेमच्या कोपऱ्यावरून, कोणी बघत नाही असं समजून, बोट फिरवलं.

संध्याकाळी त्याने लिहिलं. “दादा हिरा काचेवर एकदाच ओढतो. दुसऱ्यांदा ओढताना मी त्याला कधी पाहिलं नाही. मग त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर गुण्या का लावला?”

हा खरा प्रश्न होता. बाकी सगळी त्याच्यासाठीची चाळवाचाळव होती, हे आता दोघांनाही कळलं. थोरला उत्तर लिहायला बसला. लिहायचा, पुसायचा. काकू जेवायला हाक मारून थकल्या. “एवढं तर लग्नाआधी मला पत्र लिहायला लागलं नव्हतं तुम्हाला.” “तेव्हा बाई तपासत नव्हत्या,” थोरला म्हणाला.

उत्तर झालं तेव्हा सुट्टीचा पहिला दिवस उजाडला होता. त्याने बटण दाबलं. पानावर ओळ आली: ‘या वर्गाचे अभिप्राय बंद झाले आहेत.’

त्याने पुन्हा दाबलं. भिंगरीला हाक मारली. “बाईंना सांग, एकच टाकू द्या. तयार आहे. चांगली गोष्टसुद्धा घातलीय.”

“बाई सुट्टीवर गेल्या.”

“मग आता?”

भिंगरीने खांदे उडवले. “आता तोंडाने सांगा. नियम तेच.”

थोरला उठला. उजव्या दारातून बाहेर पडला, तीन पावलं चालला आणि डाव्या दारात शिरला. धाकट्याने मान वर न करता, सवयीने विचारलं, “काय पाहिजे?”

थोरला गिऱ्हाइकासारखा उभा राहिला. फोन नाकाशी धरून, शाळेत धडा वाचावा तसं वाचू लागला. “तू तीन वर्षं माझ्याविरुद्ध गिऱ्हाइकाजवळ एक शब्द बोलला नाहीस. ही चांगली गोष्ट. आता उत्तर. त्या दिवशी काच मी सूतभर आखूड कापली होती. हात घसरला. दुसऱ्यांदा ओढावं तर गिऱ्हाईक बघत होतं. म्हणून गुण्या काढला आणि तुझ्या फ्रेमवर ढकललं.” फोन खाली केला. “तुझी फ्रेम सरळ होती.”

धाकट्याच्या हातातला हातोडा हातातच राहिला. “नव्हती,” तो म्हणाला.

“काय नव्हती?”

“सरळ. तू गेल्यावर मी मापली. कोपरा सुटला होता माझा. काच बरोबर होती दादा.”

“काच बरोबर? मी कापली ना ती! आखूड होती.”

“अरे, फ्रेम मी केली ना? वाकडी होती!”

“मला शिकवतोस काचेचं?”

“मग तू मला फ्रेमचं शिकवू नकोस!”

आवाज चढले तशा जिन्यावर दोघी जावा येऊन उभ्या राहिल्या. “आता कशावरून?” भिंगरीच्या आईने विचारलं. काकूंनी जरा कान दिला. “चूक माझी, नाही माझी, म्हणून भांडतायत.” “मग चालू दे,” आई म्हणाली, आणि दोघी वर गेल्या.

भिंत दुपारी उतरली. दोन्ही अर्धी टेबलं ओढून भिडवली, खालून लोखंडी पट्टी मारली. धाकट्याने तीन वर्षांपूर्वी आपली कड रंधा मारून गुळगुळीत केली होती, थोरल्याने आपली तशीच ठेवली होती. त्यामुळे एका टोकाला जोड चिकटला आणि दुसऱ्या टोकाला फट राहिली. दोघांनी वाकून पाहिली. सूतभर होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि गुण्या कोणी काढला नाही.

“चल, बस,” बाबांनी भिंगरीला सांगितलं. काकांनी जागा झाडून दिली.

भिंगरी खाली शिरली, आणि डोकं फळीवर टणकन आपटलं. मान तिरकी केली तर गुडघे बाहेर, गुडघे आत घेतले तर मान बाहेर. तीन वर्षं तिने ही जागा मागितली होती, आणि तीन वर्षं ती वाढत होती. दोन्हीचा हिशेब एकत्र कोणी मांडला नव्हता.

मग थोरल्याने विटांकडे पाहिलं. चळती आता बिनकामाच्या पडल्या होत्या. चारही पायांखाली विटा सरकवल्या, आणि टेबल भिंगरीच्या मापाचं झालं. भावांच्या मात्र छातीला लागू लागलं. तेव्हा भिंतीचं प्लायवूड जमिनीवर दोन्ही टोकांना थरावर थर अंथरलं आणि त्यावर उभे राहून दोघांनी कामाला सुरुवात केली.

ठक ठक कर्र. ठक ठक कर्र.

खाली भिंगरीने पाचवीचं पुस्तक उघडलं होतं. पाढे तर तिला केव्हाच पाठ झाले होते. थोड्या वेळाने टेबलाखालून आवाज आला, “जरा हळू ठोका ना! वाचतेय मी.”

वरची ठकठक थांबली, हिराही थांबला.

“हा हुकूम आहे,” काका म्हणाले.

“आधी एक चांगली गोष्ट,” बाबा म्हणाले.