टेबलाखालचा पाय

“बाई, तुम्ही लग्न का नाही केलं?”

चारुलताने विचारून टाकलं. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही जिचा आवाज बसायचा, तीच ही चारू. पण वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून तिला कुणाचंच भय उरलं नव्हतं. त्यात वर्गातल्या अपर्णा आणि निशिगंधाने पैज लावलेली. “तेरे में दम नै,” अपर्णा जिन्यातच म्हणाली होती, “विचारलंस तर मिरची बज्जी माझ्याकडून.”

सुशीलाबाई चिक्कडपल्लीतल्या आपल्या घरी दर रविवारी मराठी शिकवायच्या, कारण या पोरींच्या शाळेत तेलुगू होती, हिंदी होती, मराठी नव्हती. प्रश्न ऐकून त्या हसल्या. “वेळ कुठे मिळाला गं? तुमच्या वेलांट्या सुधारण्यातच केस पिकले.”

पोरी खिदळल्या. चारू मात्र बघत होती. बघायला तिला बाईंनीच शिकवलं होतं. ‘ती दुःखी झाली’ असं लिहिलंस की वाचणारा जांभई देतो, त्या म्हणायच्या. माणसाचं तोंड थाप मारतं, हातापायांना ते जमत नाही, तेव्हा तिकडे बघ. म्हणून चारूने टेबलाखाली पाहिलं. बाईंचा डावा पाय फरशीवर चाचपडत चप्पल शोधत होता. चप्पल पायातच होती.

असलं घबाड हाती लागल्यावर चारू कसली थांबते. दोन दिवसांत गोष्ट तयार. बाईंचं नाव तारामती केलं, घर उचलून हिमायतनगरला नेलं, कधीच न आलेला एक माणूस पदरचा घातला, आणि वाटलं, आता कोण ओळखतंय. अपर्णाने पहिल्याच पानात ओळखलं. “हौ, ये तो बाईच है.” मग बज्जीच्या गाडीपाशी उभ्या उभ्या तिने पायाने चप्पल शोधून दाखवली, आणि सगळ्यांत जोरात चारूच हसली.

मराठी मंडळाने ती गोष्ट वार्षिक संमेलनात वाचायला निवडली. आई-बाबांनी आपल्या वस्तीला, निम्म्या नारायणगुड्याला, आमंत्रण दिलं. आनंदाच्या भरात चारू एक मात्र साफ विसरली. मंडळात वाचलं जाणारं प्रत्येक पान आधी बाईंच्या लाल पेनाखालून जातं. बावीस वर्षांचा रिवाज होता तो.

संमेलनाच्या आदल्या दिवशी ‘वही बाईंकडून घेऊन जा’ असा मंडळाचा निरोप आला म्हणून ती गेली, तेव्हा तिला ते आठवलं, आणि तेही बाईंच्या दारात पोचल्यावर.

बाईंनी वही पुढे केली. “चांगली उतरलीय. उद्या सावकाश वाच, शेवटी घाई करतेस तू.” आवाज नेहमीचाच. पण आज त्या खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत चारूने त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही पाय साडीत गुंडाळून घेतलेले.

बाईंच्या चेहऱ्यावर काय होतं, ते चारूने पाहिलंच नाही. जिच्या नजरेतून पापणीची फडफडही सुटत नसे, तिची मान आज वर होईना. “येते बाई,” असं कसंबसं म्हणून ती निघाली.

जिन्यात वही उघडली. वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या, एके ठिकाणी परिच्छेद तोडला होता. आणि ‘तारामतीचे डोळे भरून आले’ या वाक्यावर लाल रेघ होती. समासात बाईंचं वळणदार अक्षर: ‘हे खोटं. डोळे कोरडे होते. पाय पुरेसा आहे.’

चारू पायरीवर बसली. बाई रागावल्या असत्या, दोन थपडा दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तर स्वतःचंच दुःख तपासलं होतं, त्यातली चूक काढली होती आणि वही परत केली होती. वर जाऊन माफी मागावी असं दोनदा मनात आलं. पण सांगणार काय? एका प्लेट बज्जीसाठी विचारलं म्हणून?

घरी आई तिचा उद्याचा खणाचा ड्रेस इस्त्री करत होती. बाबा फोनवर होते. “पहिल्या रांगेत बसा काका, आमची लेखिका आहे.”

“बाबा, फोन ठेवा आधी.”

बाबांनी ठेवला. आईने वर पाहिलं. “घसा बसला का गं? सुंठ उकळून देते.”

“घसा ठीक आहे. मी उद्या गोष्ट वाचणार नाही.”

“पत्रिका छापून झाली, चारू,” बाबा म्हणाले. “स्टेजची भीती, आणि तुला?”

“भीती नाही, बाबा. गोष्टीतली तारामती म्हणजे आपल्या सुशीलाबाई आहेत. मी त्यांना लग्नाचं विचारलं ते पैज जिंकायला, आणि त्यांचा जीव कसा कासावीस झाला ते बघून लिहून काढलं. बाईंनी सगळं वाचलंय.”

आईने इस्त्री उभी करून ठेवली. बाबा काही बोलणार, त्याआधीच चारू म्हणाली, “मंडळाला मीच कळवते. आणि आत्ता परत चिक्कडपल्लीला जातेय, बाईंना पैजेचं सांगायला. त्यांनी दार नाही उघडलं तर जिन्यात बसेन. पण वाचणार नाही. तुम्ही म्हणालात तरी नाही, आणि बाई स्वतः म्हणाल्या तरी नाही.”