हजेरीपटावरची चौदा नावं

मुख्याध्यापिका इंदुमती मॅडमनी निकालाचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्रेचाळीस मुलं, पास एकवीस. निम्म्याहून कमी निकाल लागला तर शाळा बंद करून मुलं महामार्गापलीकडच्या शाळेत पाठवायची, असा त्या वर्षी, २००४ साली, आदेश होता. तो ट्रकांचा रस्ता पहिलीतली पोरं कशी ओलांडणार, हे आदेश काढणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी सुवर्णा, भुसावळची. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून जयपुरात आले आणि बनी पार्कजवळच्या या दोन खोल्यांच्या सरकारी शाळेत कंत्राटी शिक्षिका झाले. पाढे आल्याशिवाय मी कुणाला घरी सोडत नाही. त्यामुळे तो आकडा माझ्या गळी उतरेना.

"दोन्ही खोल्यांत मिळून एकोणतीसच बसतात," मी म्हणाले. "बाकीचे चौदा कुठले?"

मॅडम रेल्वेवाल्यांच्याच घरातल्या, जयपुरात वाढलेल्या. त्यांनी मान खाली घातली. "बदली होऊन गेलेल्यांची मुलं. दाखले दिले, मतलब, नावं नाही काढली. चाळीसच्या खाली गेलो तर दुसऱ्या टीचरचा पगार बंद होतो, सुवर्णाजी."

म्हणजे ही लबाडी माझ्यासाठीच चालली होती. परीक्षेला न बसलेली ती चौदा मुलं नापासांत धरली गेली, आणि माझा पगार वाचवता वाचवता शाळाच जायला निघाली. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. मला भयंकर राग आला आणि रडूही आलं. सासूबाईंची औषधं त्याच पगारातून यायची.

"नावं खोडा," मी म्हणाले. "चूक झाली असं लिहून द्या. बोलणी खायला मी येते बरोबर."

"तुम्ही घरी बसाल."

"बसेन."

मॅडमना लेखी ताकीद मिळाली. एकोणतिसांत एकवीस पास, म्हणून शाळा वाचली. माझं पद मात्र जुलैपासून रद्द झालं.

एक जुलैला मी घरी बसले, पण दहा वाजेपर्यंतच. मॅडम एकट्या दोन खोल्या कशा सांभाळतील या काळजीनं मला भाजी निवडणं जमेना. गेले, तर प्रवेशाला चार आया उभ्या. एकीनं मुलगी खाजगी शाळेतून काढून आणली होती. "नतीजा अच्छा सुना," ती म्हणाली. दुपारपर्यंत पटावर एकूण छत्तीस नावं झाली, सगळी खरी.

"महिनाअखेर चाळीस झाली तर पद परत मागता येईल," मॅडम म्हणाल्या.

मी तडक रेल्वे कॉलनी गाठली. बदलीवाल्यांचं सामान याच दिवसांत येतं. एका क्वार्टरपुढे ट्रक रिकामा होत होता आणि गाद्यांच्या गठ्ठ्यावर तीन मुलं बसली होती. त्यांच्या आईला मी पाण्याची वेळ सांगितली, दूधवाला सांगितला. ती जळगावची निघाली.

"आणि शाळा?" तिनं विचारलं. "चांगली आहे का हो इथली?"

"उद्या तिघांना घेऊन या," मी म्हणाले. "मी शिकवते तिथे."