झाकण दुसऱ्याच्या घरी

मी एक जुनी चिनी डबी आहे. खरे सांगायचे तर अर्धीच. मित्रांनो, मी तुमच्या मुठीत मावेन एवढी आहे, फिकट हिरव्या झिलईची. एका विद्वान गृहस्थाच्या लिहिण्याच्या मेजावर मी असे. पत्र लिहून झाले की ते माझ्यातल्या लाल रंगात शिक्का बुडवून कागदावर उठवत. पुढे घर मोडले, सामान विकले गेले. मी एकीकडे गेले, माझे झाकण दुसरीकडे.

बरीच वर्षे मी एका जुन्या सामानाच्या दुकानात गंजक्या किल्ल्या सांभाळल्या. तिथून भूगोलाच्या एका निवृत्त बाईंनी मला उचलले. अशा चिनी वस्तू जमवण्याचा त्यांना नाद होता. त्यांनी मला जुन्या टूथब्रशने घासले आणि कुंचले टेकवायच्या, डोंगराच्या आकाराच्या निळ्या चिनी टेकणीशेजारी ठेवले.

एकदा त्यांच्याकडे तोच नाद असलेले दातांचे डॉक्टर आले. मला पाहताच त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई, हिचं झाकण माझ्याकडे आहे!"

दुसऱ्या दिवशी ते झाकण घेऊन आले. झाकण माझ्यावर अचूक बसले.

"मग देऊन टाका मला," बाई म्हणाल्या.

"वा! तुम्हीच डबी द्या की."

दोघेही हट्टाला पेटले. शेवटी डॉक्टर झाकण खिशात घालून निघून गेले. पण पुढच्या मंगळवारी परत आले. नऊ वर्षे दर मंगळवारी आम्हाला जोडायचे, डोळे भरून पाहायचे, तासभर भांडायचे आणि वेगळे करायचे, असे चालले. मलाही त्याची सवय झाली.

मग सलग दोन मंगळवार डॉक्टर आले नाहीत. ते आजारी पडून दवाखान्यात दाखल आहेत, असे त्यांच्या मुलीने फोनवर सांगितले. बाईंनी मला रुमालात गुंडाळले, दवाखाना गाठला आणि त्यांच्या उशाशी ठेवले.

"घ्या. हरले मी."

डॉक्टरांनी मला हातात घेतले, कडेवरून बोट फिरवले आणि परत बाईंच्या हातात दिले.

"घेऊन जा. दोन्ही माझ्याकडे आली, तर तुमच्याकडे यायला मला निमित्त काय उरेल?"

बाईंनी मला पर्समध्ये ठेवले आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.

डॉक्टर बरे झाले, पण जिने चढणे बंद झाले. आता बाईच मला घेऊन त्यांच्याकडे जातात. मित्रांनो, घरात एखादी अर्धी वस्तू सापडली, तर फेकण्याआधी चार घरी विचारून पाहा.